रजेवर आलेलं मत

मार्चमधल्या ग्रामसभेच्या सकाळी मेहिटेबल प्लमरच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायला जागा नव्हती, आणि तिला त्याचंच सुख वाटत होतं. सभेला आलेल्या पुरुषांना दुपारचं जेवू घालायचं काम टार्बेल गावच्या बायकांकडे असायचं. यंदा तिच्या वाट्याला बीन्सची मडकी आणि डोनट आले होते. कढईतून डोनट निघत होते आणि टोपलीत पडायच्या आधीच कमी होत होते, कारण टेबलाशी तिचा मुलगा ऑरिन बसला होता.

उत्तर-दक्षिणेच्या लढाईतल्या व्हर्जिनियाच्या छावणीतून तो गेल्या आठवड्यात रजेवर आला होता. अंगात घरचा जुना लोकरी सदरा, खाली सैन्याची निळी पाटलोण आणि मांडीवर त्याची मुलगी. तो लढाईवर गेल्यानंतर ती जन्मली होती. बाप दिसल्याबरोबर तिने त्याची दाढी मुठीत धरली होती, आणि अजून सोडायची तिची तयारी नव्हती.

"आई, हिचा जोर बघ. सार्जंटला सांगतो, हिला भरती करून घे."

"बायकांना घेत नाहीत," त्याची बायको लव्हिना म्हणाली. "घेत असते तर मीच आले असते. निदान तुझे मोजे तरी कोरडे राहिले असते."

तेवढ्यात मेहिटेबलचा नवरा असाहेल आत आला. त्याच्याबरोबर धुराचा आणि गोड वाफेचा वास आला. टेकडीवरच्या मेपलच्या झाडांना पाझर फुटला होता. रात्री सगळं गोठायचं, दिवसा वितळायचं, आणि रस असा वाहायचा की तो आटवून पाक करायच्या गुऱ्हाळातल्या काहिली उतरवायला फुरसत मिळत नसे.

"असा हंगाम गेल्या कित्येक वर्षांत नाही," हातमोजे चुलीवर वाळत टाकत तो म्हणाला. "आणि वर या घरातून यंदा दोन मतं! माझं आणि माझ्या लेकाचं. आता बोला म्हणावं, असाहेल थकला म्हणून."

ऑरिनने मुलीच्या टाळूवर हनुवटी टेकली. मेहिटेबलने कढईतून नजर वर केली नाही.

मतदानाचा कागद एकच असे. वर राज्याच्या गव्हर्नरपदाच्या उमेदवाराचं नाव, खाली गावातून विधिमंडळात जाणाऱ्या प्रतिनिधीचं. डेमोक्रॅटांच्या पांढऱ्या कागदावर खालचं नाव असाहेल प्लमर होतं, दर वर्षीसारखं. रिपब्लिकनांनी, म्हणजे सरकारच्या पक्षाने, यंदा गुलाबी कागद छापला होता आणि त्यावर खालचं नाव होतं सायरस डाऊ. हा सायरस म्हणजे असाहेलचाच जावई. लाकूड चिरायच्या कारखान्याचा मालक, तोंडाने फटकळ, मनाने बरा. लढाई शेवटपर्यंत लढायची आणि दक्षिणेतले गुलाम मोकळे करायचे, हे त्याच्या पक्षाचं म्हणणं. बोलणी करून रक्तपात थांबवा, हे असाहेलच्या. दोघे दर रविवारी एका टेबलावर जेवत आणि भांडत.

आजही सायरस आणि त्याची बायको पर्सिस इथेच न्याहारीला आले.

"या, या, शत्रुपक्ष!" असाहेलने हाक मारली. "डोनट घ्या. तोंड भरलेलं असलं की माणूस चुकीचं बोलत नाही."

"म्हणूनच तुम्हाला आई सतत खायला घालते वाटतं," पर्सिस बापाला म्हणाली. तिने शाल सोडली आणि भावाच्या मांडीवरून पोरीला उचललं.

असाहेल खुशीत होता. त्याने कॉफीत भरपूर पाक ओतला. "त्या कॅप्टनला मी नावं ठेवत होतो. म्हटलं, पक्का रिपब्लिकन. पण माणूस दिलदार निघाला. ऐन निवडणुकीच्या तोंडावर माझ्या मुलाला घरी धाडतो म्हणजे काय!"

सायरसला ठसका लागला. पर्सिसने त्याच्या पाठीत जरा जास्तच जोरात थापटलं.

"बाबा," ऑरिन म्हणाला, "कॅप्टनने रांगेत उभं करून विचारलं होतं. सरकारच्या माणसाला मत देणार असतील त्यांनी हात वर करा, म्हणाला. ज्यांनी हात वर केले त्यांना रजा."

"आणि तू?"

"मी इथे बसलोय ना."

चुलीतलं एक लाकूड खचलं. असाहेलने चमचा बशीत ठेवला. "प्लमरांचं घर कुठल्या पक्षाचं ते साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. तुला रांगेत उभं तरी कोणी केलं?" मग त्याची नजर हळूहळू जावयाकडे वळली. "तू."

"मी आमच्या पक्षाच्या समितीत शब्द टाकला, हे खरं," सायरस म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "पण—"

"त्यांना कशाला विचारता?" मेहिटेबल म्हणाली. तिने झारा बाजूला ठेवला, हात पुसले. "मी गेले होते सायरसकडे. म्हटलं, माझ्या मुलाला घरी आणा. कसं आणायचं ते तुमचं तुम्ही बघा."

"कसं आणणार, ते तुला कळत होतं?"

"कळत होतं."

"आणि मी उभा आहे, ते?"

"तुम्ही दर वर्षीच उभे असता."

लव्हिनाच्या तोंडून हसू निसटलं आणि तिने लगेच पदर लावावा तसा एप्रन तोंडाला लावला. असाहेल उठला. सभेची काळी टोपी त्याने खुंटीवरून काढली, नीट झटकली, डोक्यावर ठेवली.

"घसरगाडी जुंपलीय, बाबा," ऑरिन म्हणाला.

"मला पाय आहेत."

दार हळूच लागलं. आपटलं असतं तर मेहिटेबलला बरं वाटलं असतं. तिने पुन्हा झारा हातात घेतला. डोनट एका बाजूने जरा जास्त लाल झाले होते, पण करपले नव्हते.

*

घसरगाडीत मडकी मध्ये आणि माणसं कडेला अशी बसली होती. सायरस लगाम धरून पुढे. रस्त्यावर अर्धा बर्फ, अर्धा चिखल.

"वरच्या नावाचा शब्द तू कॅप्टनला देऊन बसलायस," मागे न बघता सायरस म्हणाला. "खालचं नाव माझं आहे. ते मी तुझ्याकडे मागत नाही."

"का नाही मागत?" पर्सिस म्हणाली. "बाबा इतकी वर्षं कॉन्कर्डला विधिमंडळात जाऊन आले. येताना दर खेपेला काय आणतात? सर्दी! एकदा माझ्या नवऱ्याला जाऊ दे की."

"ताई, तुझा नवरा माझ्या बापाविरुद्ध उभा आहे."

"माझ्याही बापाविरुद्धच उभा आहे. मी कुरकुर करतेय का?"

ऑरिन हसला. हसता हसता त्याची नजर रस्त्याच्या डावीकडे गेली आणि त्याने मान वळवली. तिथे बिकफर्डांचं घर होतं. घरी आल्यापासून तो या रस्त्याने दोनदा गेला होता आणि दोन्ही वेळा मान उजवीकडे ठेवून. जोथम बिकफर्ड हा असाहेलचा पक्षातला जुना सोबती. त्याचा मुलगा एबन छावणीत ऑरिनच्याच तंबूत झोपत असे.

लव्हिनाने ते पाहिलं. "एबनची आई मला चर्चमध्ये विचारत होती," ती हळू आवाजात म्हणाली. "ऑरिन आला, मग आमचा का नाही?"

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? म्हटलं, येईल पुढच्या खेपेला."

"तो माझ्या शेजारी उभा होता," ऑरिन म्हणाला. "मी हात वर केला. त्याने दोन्ही हात खिशात घातले. नंतर एका शब्दाने मला बोलला नाही. उलट निघताना माझी पिशवी बांधून दिली."

लव्हिनाने शालीखालून त्याचा हात धरला. "मला एक खरं सांग. हात वर केलास तो सरकारसाठी की आमच्यासाठी?"

"तेव्हा तुमच्यासाठीच. सैतानाला मत द्यायचं असतं तरी केला असता." तो थोडा थांबला. "पण थंडीत छावणीवर माणसं येतात, लव्हिना. मालकाकडून पळून आलेली. एक बाई आली, आपल्या पोरीएवढं मूल पाठीला बांधून. पायात काही नव्हतं. पहारेकऱ्याला तिने एवढंच विचारलं, इथून मला कोणी परत तर नेणार नाही ना? ती गोष्ट बाबांना सांगायला गेलो की शब्दच सुचत नाहीत. म्हणून आता विचारशील तर सरकारसाठीही आहे. निम्मं निम्मं."

"मग दे की. निम्मं मतही मतच."

सभागृह दिसू लागलं तेव्हा ऑरिनने पुढे वाकून सायरसला विचारलं, "भावोजी, तुमच्याकडे पेन्सिल असेल?"

लाकूड मोजणाऱ्या माणसाच्या कानावर पेन्सिल असायचीच. सायरसने ती काढून मागे दिली. कशाला हवी, ते विचारलं नाही.

*

ग्रामसभेचा अध्यक्ष मंचावर पेटीशेजारी उभा राहतो, चिटणीस नाव पुकारतो, मतदार पुढे येऊन कागद अध्यक्षाच्या हाती देतो. असाहेल अध्यक्षाचं हे काम कित्येक मार्च करत आला होता. त्याला ते आवडायचं. एकेका माणसाचा हात, त्यावरच्या भेगा, तो कागद कसा धरतो, यावरून त्याला साल कसं गेलं ते कळायचं. आज मात्र तो फक्त रंग बघत होता. पांढरा, गुलाबी, पांढरा, पांढरा. मग रजेवर आलेल्या गावच्या पोरांची नावं सुरू झाली आणि लागोपाठ गुलाबी आले.

"ऑरिन प्लमर."

ऑरिन उठला. हातातला कागद त्याने लपवला नव्हता. दुमडलेला, गुलाबी. बाकांवर कुजबूज झाली.

"माझी हरकत आहे!" जोथम बिकफर्ड उभा राहिला. उंच, वाळका माणूस. त्याचा आवाज नेहमी खालच्या पट्टीत असायचा, आज तो फाटला होता. "हा मुलगा भरती होण्याआधी वर्षभर शेजारच्या गावी सासऱ्याच्या गिरणीवर राहत होता. इथे याचं मत नाही. अध्यक्षांनी निर्णय द्यावा."

सगळ्या माना मंचाकडे वळल्या. असाहेलला चटकन कळलं की त्याच्या हाती काय आलंय. हरकत अगदीच पोकळ नव्हती. एक शब्द बोलला की तो गुलाबी कागद पेटीबाहेर राहणार होता, तोही नियमाने. पक्षाची माणसं त्याच्याकडे बघून मान हलवत होती. मागच्या दारात, जेवणाच्या खोलीतून बायका डोकावत होत्या. त्यांत मेहिटेबल होती. ती काही खुणावत नव्हती. नुसती बघत होती.

"तुझं घर कुठे?" असाहेलने विचारलं.

"बाबा—"

"सभेत मी तुझा बाबा नाही."

"मग, अध्यक्षमहाराज," ऑरिन म्हणाला, "जिथून तुम्ही आज सकाळी न्याहारी टाकून पायी निघालात, ते माझं घर."

हशा उसळला. असाहेलने हातोडी आपटली. "गिरणीवर गेलास तेव्हा सामान नेलं होतंस?"

"एक पिशवी. पलंग आईने हलवू दिला नाही."

"लढाई संपल्यावर कुठे जाशील?"

आता कोणी हसलं नाही. "तिथेच," ऑरिन म्हणाला. "तुम्ही घेतलंत तर."

"मत ग्राह्य आहे," असाहेल म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. मुलाची बोटं गार होती. कागद त्याने न उलगडता पेटीत टाकला.

"माझ्या एबनचंही घर इथेच आहे, असाहेल!" जोथम ओरडला. "त्याने हात वर केला नाही, तर तो तिकडेच कुडकुडतोय. ज्यांनी केले ते इथे बसून बीन्स खाणार. हा न्याय?"

जोथमने आपला पांढरा कागद पेटीशी आणून दिला, टोपी घातली आणि कोणाकडे न बघता तो बाहेर पडला.

दुपारी मोजणी झाली. कागद उलगडून नावं असाहेलच मोठ्याने वाचत होता. एका गुलाबी कागदावर खालचं 'सायरस डाऊ' खोडलेलं होतं आणि बाजूला पेन्सिलीने वाकडंतिकडं लिहिलं होतं: असाहेल प्लमर. नावातलं पहिलं अक्षर पाठ टेकवल्यासारखं मागे कललेलं. ते अक्षर गिरवायला त्यानेच शिकवलं होतं, पाटीवर, हात धरून, आणि ते कधी सरळ आलं नव्हतं.

त्याने वरचं नाव वाचलं, खालचं वाचलं. मग पुढचा कागद उचलला.

सायरस थोडक्या मतांनी निवडून आला. असाहेलने ते स्पष्ट आवाजात जाहीर केलं. मागच्या दारातून पर्सिसची आनंदाची आरोळी आली, आणि बापावर नजर पडताच अर्ध्यावर थांबली.

"ओरड, ओरड," मंचावरून असाहेल म्हणाला. "दर वर्षी मिळत नाही संधी."

*

मेहिटेबल गुऱ्हाळात गेली तेव्हा ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं. असाहेल काहिलीवरची मळी काढत होता. ती बाकावर बसली.

"सायरसकडे जायच्या आधी मला विचारलं असतंस तर?" तो म्हणाला.

"तुम्ही नको म्हणाला असता."

त्याने विचार केला. "म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं."

"फार राग आला मला, मेहिटेबल. अर्ध्या वाटेपर्यंत होता. पुढे चिखल लागला." त्याने पळीतल्या पाकाची धार धरून पाहिली. "आणि एक गोष्ट कबूल करतो. सकाळी तो टेबलाशी बसून खात होता, तेव्हापासून आत्तापर्यंत एकदाही मनात आलं नाही की हा आला नसता तर बरं झालं असतं. मी शोधून पाहिलं. नाही आलं."

मेहिटेबल उठली आणि त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर पडलेली ठिणगी विझवली. ती विझलेलीच होती. "जूनमध्ये विधिमंडळ भरेल आणि तुम्ही घरी असाल," ती म्हणाली. "काय करायचं तुमचं?"

"गवत कापायला लाव."

"लावीन. शिवाय माडीचं छप्पर गळतंय. ते तुम्ही कॉन्कर्डला असताना दर जूनला गळतं."

बाहेर सगळी जमली होती. लव्हिनाने परातीत स्वच्छ बर्फ दाबून भरला होता. असाहेलने त्यावर गरम पाक ओतला, त्याच्या चिवट सोनेरी दोऱ्या झाल्या, आणि सगळे त्या बोटांभोवती गुंडाळून खाऊ लागले. गोडाने मिठी बसली की काकडीचं आंबट लोणचं आणि मग पुन्हा पाक. पोरीच्या तोंडाला पर्सिसने एक थेंब लावला, तर ती आत्याचं बोटच सोडेना.

असाहेलने जावयाला बाजूला घेतलं. "प्रतिनिधीसाहेब, पहिलं काम सांगतो. जोथमच्या मुलाला रजा मिळवून द्या."

"एबनला?" सायरस म्हणाला. "तो आम्हाला मत देणार नाही."

"मतं मोजून झाली. आता माणूस आणा."

"माझा अधिकार जूननंतरचा, बाबा. प्रयत्न करतो."

"सासूबाई आल्या तेव्हाही प्रयत्न करतो म्हणाला होतास?"

सायरसने मेहिटेबलकडे पाहिलं. "त्यांनी मला तसं म्हणू दिलं नाही. माझ्या कारखान्याच्या दारात उभ्या राहिल्या, करवत बंद करायला लावली आणि मी हो म्हणेपर्यंत सुरू करू दिली नाही."

"मी उद्या पुन्हा येते," मेहिटेबल शांतपणे म्हणाली. "येताना एबनच्या आईला, डॉर्कसलाही घेऊन येते."

"नको," सायरस घाईघाईने म्हणाला. "आजच समितीकडे जातो. शब्द देतो."

ऑरिन हे सगळं ऐकत उभा होता. असाहेल त्याच्याकडे वळला. पेन्सिलीच्या अक्षराबद्दल तो काही बोलला नाही. पाकाचा एक डबा त्याने ऑरिनच्या हातात दिला आणि दुसरा स्वतः घेतला.

"चल," तो म्हणाला. "बिकफर्डांकडे जाऊन येऊ. दिवस आहे तोवर."

*

ऑरिनचे पाय बिकफर्डांच्या फाटकाशी जड झाले. दार डॉर्कसने उघडलं. तिने आधी निळी पाटलोण पाहिली, मग चेहरा. ती ठेंगणी, गोलसर बाई होती आणि तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं.

"मावशी, मी आधीच यायला हवं होतं," ऑरिन म्हणाला. "एबनने हात वर केला नाही आणि मी केला, म्हणून—"

"ते राहू दे," डॉर्कस म्हणाली. "बारीक झालाय का तो?"

"नाही. म्हणजे, झालाय थोडा. आम्ही सगळेच झालोय."

"खोकला?"

"थंडीत होता. आता नाही."

तिने त्याची बाही धरली आणि चुलीजवळच्या खुर्चीत बसवलं. ती कोणाची खुर्ची होती हे ऑरिनला विचारावं लागलं नाही; खुर्चीच्या हातावर चाकूने कोरलेली आद्याक्षरं त्याने खूप वेळा पाहिली होती. असाहेल दाराशीच टोपी हातात घेऊन उभा राहिला. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं, आणि फटीतून जोथमचे बूट दिसत होते.

"सांग," डॉर्कस म्हणाली. "काहीही सांग."

मग ऑरिन सांगू लागला. तंबूला एबनने मातीच्या विटांची चूल कशी केली आणि धूर बाहेर जायचा सोडून शेजारच्या तंबूत कसा जायचा. सैन्याची बिस्किटं फोडायला तो बंदुकीचा दस्ता वापरतो. साऱ्या तुकडीची बटणं तो शिवून देतो, कारण त्याला आईने शिवण शिकवलंय, आणि आधी जे हसले तेच आता रांग लावतात. एकदा कर्नलच्या पाटलोणीला टाका घालताना त्याने कर्नलचा आतला सदराही सोबत शिवून टाकला आणि कर्नलसाहेब परेडवर निघाले तेव्हा—

आतून एक आवाज आला. खोकला असावा तसा, पण खोकला नव्हता.

आतल्या खोलीचं दार उघडलं. जोथम उंबऱ्यात उभा होता. डोळे लाल, ओठ मात्र वाकडे झालेले. त्याने ऑरिनकडे पाहिलं, मग असाहेलकडे. भिंतीशी असलेली खुर्ची ओढून त्याने असाहेलच्या पुढ्यात ठेवली, आणि स्वतः लाकडांच्या पेटीवर बसला.

"कर्नलचं पुढे काय झालं?" तो म्हणाला.

"थांब, ऑरिन," डॉर्कसने पीठ लागलेला हात वर केला. "पहिल्यापासून सांग. यांना सुरुवातीचं नीट ऐकू आलं नसेल."